एकशे अठ्ठावन्न अंश

त्रिशला मगदूमचा उजवा खांदा आखडतोय हे पहिल्यांदा कळलं ते ब्लाउजामुळं. मागच्या हुकापर्यंत हात पोचेना. ब्लाउज आटला असं समजून तिनं तो जुन्या कपड्यांत टाकला. दुसराही आटलेला निघाला. तिसरा आटला तेव्हा तिला शंका आली आणि ती जयसिंगपूरच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेली. फ्रोझन शोल्डर, ते म्हणाले. पन्नाशी उलटलेल्या बायकांना होतो, त्यात साखर असेल तर जास्तच. व्यायाम करा, शेका, एक इंजेक्शन देतो, धीर धरा.

तिनं सगळं अकरा महिने केलं. हात पुढून कसाबसा छातीच्या उंचीपर्यंत जायचा आणि तिथं आतून कोणी कडी लावल्यासारखा अडायचा. वरच्या फळीवरचे डबे खाली आले. झोपेत कूस बदलली की कळ मस्तकापर्यंत जायची. पण सगळ्यात मोठी अडचण झाली ती केसांची. छप्पन्नाव्या वर्षीही त्रिशलाचे केस कमरेखाली होते. मुलगी अर्पिता हुबळीहून फोनवर म्हणाली, "आई, कापून टाक. दोन मिनिटांचं काम." त्रिशलानं त्या दिवशी फोन लवकर ठेवला. दोन दिवस ती केस नुसते मागं रिबिनीत बांधून फिरली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा भूपाल फणी घेऊन मागच्या दारात उभा राहिला.

"बस," तो म्हणाला.

"तुम्हाला येतंय?"

"एकतीस वर्षं माग सांभाळलेत. तीन पेड मला काय अवघड आहेत?"

भूपाल इचलकरंजीच्या एका कापड कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. दोन वर्षांपूर्वी नवे माग आले. ते स्वतःच स्वतःला दुरुस्त करायला लागले तेव्हा मालकांनी त्याला शाल आणि नारळ देऊन घरी पाठवलं. तेव्हापासून तो दिवसातून तीनदा पेपर वाचत असे.

त्यानं घातलेली पहिली वेणी डाव्या कानापाशी सुरू झाली आणि उजव्या खांद्यावर संपली. दोन पावलं मागं सरकून त्यानं ती पाहिली. "तिन्हींचा ताण सारखा नाही," असं म्हणून सोडली आणि पुन्हा घातली. आठ दिवसांत वेणी सरळ झाली. महिन्याभरात तो व्हिडिओ बघून पाच पेडी शिकला. शेजारच्या मधुवंतीबाईंनी पार्लरचं नाव विचारलं तेव्हा त्रिशलानं "सांगलीचं आहे" असं सांगून टाकलं.

पण वेणीपेक्षा वेगळीच एक गोष्ट त्या अर्ध्या तासात घडायला लागली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि दोघांचं बोलणं डबा, गॅस आणि अर्पिताचा फोन एवढ्यातच फिरायचं. भांडणही नव्हतं. बोलायला बसलं की दोघांनाही समोरच्याचा चेहरा दिसायचा आणि काही सुचायचं नाही. आता ती पाटावर अंगणाकडं तोंड करून बसायची, तो मागं स्टुलावर. चेहरा कुणालाच दिसत नव्हता. एके दिवशी भूपालनं सांगितलं, की सव्वीसाव्या वर्षी त्याला कोइमतूरला नोकरी मिळत होती. पगार कमी आहे म्हणून सोडली असं घरी सांगितलं होतं, पण खरं म्हणजे त्याला तिथल्या भाषेची भीती वाटली होती. त्रिशला म्हणाली, "मग मीही सांगते. साखरपुड्याची ती भोपळी रंगाची साडी चोरीला गेली नव्हती. मी भांड्यांच्या बदल्यात भांडेवालीला दिली."

फणी थांबली. "म्हणजे मी त्या गवळ्यावर आळ घेऊन उगाच भांडलो."

"हो."

 मग फणी पुन्हा चालू झाली.

बोलणं वाढलं तरी दुखणं कमी होत नव्हतं. वैशाखात दोघं मिरजेला हाडांच्या एका नव्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टर नाझनीन मुजावर चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या आणि बोलल्या की हातांनी दाखवणाऱ्या होत्या. त्यांनी डाव्या तळहाताची उथळ वाटी केली आणि तिच्यात उजवी मूठ ठेवली.

"हा दंडाच्या हाडाचा गोळा, ही खांद्याची वाटी. दोन्हींना धरून एक पातळ पिशवी असते. चांगल्या खांद्यात ती सैल असते. काकू, ब्लाउज शिवताना काखेत कापड सोडतात ना, तशी. तुमची पिशवी सुजली, जाड झाली आणि आटली."

"आटली होती ती पिशवी होय," त्रिशला म्हणाली. तिला त्या तीन ब्लाउजांची आठवण झाली.

"जुना उपाय असा, की दोन-तीन छोट्या छिद्रांतून दुर्बीण घालून ती आटलेली पिशवी आतून कापायची. हात तिथल्या तिथं मोकळा होतो. पण कापलं की जखम भरते, आणि काहींच्या बाबतीत ती इतकी घट्ट भरते की खांदा पुन्हा आखडतो. शरीराला वाटतं, आपण छान दुरुस्ती केली. म्हणून आम्ही आता कापलेल्या जागी अस्तर लावतो."

ते अस्तर त्रिशलाच्याच मांडीच्या कातडीतल्या पेशींपासून तीन आठवड्यांत वाढवायचं होतं. त्या पेशी ज्या जाळीवर वाढत, तिच्यात केसाहून बारीक धागे विणलेले होते. धागा ताणला गेला की त्याच्यातून जाणारी वीज किंचित बदलते, त्यावरून हात किती अंशांनी उचलला हे नेमकं कळतं. भूपालनं इथं पहिल्यांदाच मान हलवली. सुताचा ताण ओळखणं त्याला नवं नव्हतं. डॉक्टर पुढं म्हणाल्या, "एकदा हात पुरता वर जायला लागला की पुढं तो रोज गेला पाहिजे, नाहीतर सगळं फुकट. एखाद्या दिवशी नाही गेला, तर अस्तर आठवण करतं. धागे खांद्याच्या स्नायूंना हलका इशारा देतात आणि हात सावकाश आपोआप वर जातो. दीड वर्षात धागे विरघळतात. तोवर रोजचे आकडे आमच्याकडं येत राहतील. तुम्ही नवव्या पेशंट आहात."

संमतीपत्र अकरा पानांचं होतं. त्रिशलानं मांडीला किती दुखेल एवढं विचारून सही केली. भूपालनं ते यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकासारखं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. पहिले पंधरा दिवस दुखलं, मग कमी झालं, आणि सहाव्या आठवड्यात एका सकाळी भूपाल दळण आणायला गेलेला असताना त्रिशलानं सहज हात वर केला. तो गेला. कडी लागली नाही. तिनं वरच्या फळीवर बोटं टेकवली, तिथली वर्षभराची धूळ पाहिली. मग आरशासमोर जाऊन तिनं केस सोडले आणि स्वतःची वेणी स्वतः घातली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ती आरशातल्या बाईकडं बघून हसली. मग तिला उद्याची सकाळ दिसली. भूपाल स्टुलावर न बसता पेपर घेऊन पुढच्या खोलीत बसलेला दिसला.

फाटकाची कडी वाजली तेव्हा तिनं वेणी सोडली होती.

"फणी आणताय ना?" ती म्हणाली. "अजून काही हात जात नाही हो वर."

भूपालनं पिठाचा डबा ठेवला, तिच्याकडं पाहिलं आणि फणी आणायला गेला.

खोटं लहान होतं, पण त्याला रोज खाऊ घालावं लागत होतं. वर जाणारा हात दिवसभर खाली ठेवणं हे आखडलेला हात वर नेण्यापेक्षा अवघड निघालं. पंखा बंद करायला ती स्टूल शोधायची, कपडे वाळत घालायला भूपालला हाक मारायची. अस्तरानं आठवण करू नये म्हणून न्हाणीघराला कडी लावून ती रोज पाच मिनिटं हात छताकडं न्यायची. असं चार आठवडे चाललं, आणि ते चार आठवडे फार छान गेले. भूपालनं तिला कारखान्यातल्या सगळ्या मागांची नावं सांगितली. ती त्यानंच ठेवलेली होती आणि बहुतेक नातेवाइकांची होती.

मग निपाणीहून सुमतीअक्का आल्या.

अक्का म्हणजे भूपालची थोरली बहीण, वय अडुसष्ट, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. भावजयीचा हात शस्त्रक्रियेनंतरही आखडलेलाच आहे असं कळल्यावर त्या पंधरा दिवसांची बॅग भरून आल्या. पहिल्याच सकाळी भाऊ बायकोच्या मागं स्टुलावर बसलेला पाहून त्या दारातच थांबल्या.

"भूपाल, ऊठ. मी आहे न्हवं आता."

"अक्का, मला सवय झालीय."

"तीच मोडायला पाहिजे. ऊठ."

अक्कांची वेणी इतकी घट्ट असायची की त्रिशलाच्या भुवया दिवसभर किंचित वर राहायच्या. घालताना त्या स्वतःच बोलायच्या, आणि ते सगळं निपाणीतल्या अशा माणसांविषयी असायचं ज्यांना त्रिशला ओळखत नव्हती. भूपाल पुढच्या खोलीत पेपर वाचायला लागला. म्हणजे ज्या अर्ध्या तासासाठी त्रिशला खोटं बोलत होती तो गेला, आणि खोटं मात्र तसंच राहिलं. शिवाय अक्कांनी स्वयंपाक, धुणं, डबे सगळं ओढून घेतलं. गुडघे धरून त्या वरच्या फळीसाठी स्टुलावर चढायच्या आणि त्रिशला खाली उभी राहून स्टूल धरायची. तेव्हा तिला खरोखरच बरं वाटायचं नाही. तिसऱ्या दिवसापासून अक्का आंघोळीलाही तिला एकटीला सोडेनात. घसरली तर काय घ्या. न्हाणीघरातला व्यायाम बंद झाला.

चौथ्या दिवशी अस्तरानं आठवण केली.

चातुर्मास सुरू झाला होता आणि दोघी जैन मंदिरात प्रवचनाला बसल्या होत्या. महाराज म्हणाले, चार महिने बटाटा सोडायचा नियम कोण घेणार, हात वर करा. त्याच वेळी त्रिशलाच्या खांद्यात ऊब भरली. हात मांडीवरून उचलला गेला. तिनं डाव्या हातानं तो दाबला, पण प्रवचनात बसून स्वतःच्याच हाताशी झोंबणं बरं दिसेना. ती जरा सैल पडली आणि हात सगळ्या बायकांच्या डोक्यांवर निवांत उभा राहिला. पहिला तिचाच होता. महाराजांनी आशीर्वाद दिला. मागून कोणीतरी म्हणालं, "बघा, दुखऱ्या हातानं नियम घेतला." अक्कांचे डोळे भरून आले.

त्रिशलाला बटाट्याची भाजी सगळ्या भाज्यांत जास्त आवडायची.

दुसऱ्या दिवशी जेवताना हात पुन्हा वर गेला. या वेळी तो ताटावरून निघाला तेव्हा त्याच्यात भाकरीचा तुकडा होता. अक्का आमटी वाढता वाढता थांबल्या.

"आता काय सोडतेस?"

"काही नाही अक्का. आमटी पाहिजे होती."

"आमटी खाली आहे." अक्कांनी पळी ठेवली. हात अजून चढतच होता. "भूपाल, हिचा हात बघ. करायचा म्हटला तर होत नाही, आणि आपोआप वर जातोय. हे काही बरं लक्षण नाही. उद्याच्या उद्या मिरजेला चला."

भूपाल ताटातल्या भाताकडं इतक्या लक्षपूर्वक बघत होता की त्रिशलाला राग आला.

सकाळच्या विनाचालक गाडीनं तिघं मिरजेला गेली. डॉक्टर मुजावरांनी त्रिशलाला हात वर करायला सांगितला. समोर अक्का बसलेल्या होत्या. पाच दिवसांत स्टुलावर चढून चढून त्यांचा उजवा गुडघा सुजला होता. त्यांच्या देखत हात वर करण्याचं त्रिशलाला धाडस झालं नाही. तिनं तो छातीपर्यंत नेला आणि थांबवला. डॉक्टरांनी हळूच आधार देऊन पुढं नेऊन पाहिला. तिनं डोळे मिटून सगळं अंग ताठ केलं. डॉक्टरांनी लगेच हात सोडला.

"ऐंशी अंश," त्या म्हणाल्या. मग पडद्याकडं वळल्या. "अस्तर मात्र गेले पाच आठवडे एकशे अठ्ठावन्न सांगतंय."



"यंत्राला काय कळतंय," अक्का म्हणाल्या.

"तेच म्हणते मी," डॉक्टर म्हणाल्या. "पेशंट एक सांगतोय आणि यंत्र दुसरं, तेव्हा आधी पेशंटवर विश्वास ठेवायचा, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते. काकूंना दुखतंय हे दिसतंय मला. म्हणजे अस्तर चुकीचं मोजतंय, आणि चुकीच्या मापावर इशारे देतंय. आत काय झालंय ते दुर्बिणीनं बघावं लागेल. बहुतेक काढावंच लागेल. आणि एकाचं बिघडलं, तर बाकीच्यांचं तपासल्याशिवाय मला नवीन कुणाला बसवता येणार नाही."

त्यांनी लगेच एक फोन केला, मग दुसरा. त्रिशलानं भूपालकडं पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

फोन संपेपर्यंत अक्का आतच बसल्या, ही दोघं बाहेर आली. बाकावर एक माणूस पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. नर्सनं येऊन त्याला काहीतरी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि घटाघट प्यायला. त्रिशला त्याच्या शेजारी बसली होती, त्यामुळं त्यानं तिलाच सांगितलं. त्याचं नाव यल्लाप्पा बनसोडे. तो जतजवळच्या गावातून आला होता. घरांना रंग देण्याचं काम करायचा.

"आज माझं ऑपरेशन होतं. म्हणून काल संध्याकाळपासून उपाशी. आता म्हणत्यात, कुणाच्या तरी खांद्यातलं मशिन बिघडलंय, तपासून होईतोवर थांबा."

"किती दिवस?"

"तीन-चार महिने म्हणली." त्यानं बाटलीचं टोपण लावलं. "मशिन हाय, बिघडायचंच. माझं काय, आठ महिने झालं मी भिंतीचा खालचाच भाग रंगवतोय. वरचा बायको शिडीवर चढून करती. तिला उंचीची भीती वाटती, म्हणून मी खालून शिडी धरून गाणी म्हणतो. मला गाता येत नाही ही दुसरी अडचण." तो थोडा हसला. मग त्यानं तिच्या गळ्यातल्या झोळीकडं पाहिलं. अक्कांनीच सकाळी हात झोळीत बांधून दिला होता. "तुमच्याच खांद्यातलं व्हय ते मशिन? लई दुखतंय का, ताई?"

 त्रिशला उठली आणि भूपालला घेऊन जिन्यापाशी गेली.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "माझा हात वर जातो. पूर्ण जातो. तुम्ही चिडा पाहिजे तर, पण मला आत जाऊन सांगायलाच पाहिजे."

"मला माहीत आहे," भूपाल म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"एकशे अठ्ठावन्न." त्यानं फोन काढून दाखवला. रोजचा एक, असे आकडे ओळीनं उभे होते. "संमतीपत्राच्या सातव्या पानावर होतं. रोजचा आकडा घरातल्या एका माणसाच्या फोनवरपण येतो. एकेचाळिसाव्या दिवशी दळण घेऊन येत होतो, तेव्हा चक्कीपाशीच कळलं मला. तुला सांगायला म्हणून घाईनं आलो. तर तू फणी मागितलीस."

त्रिशला फोनकडं बघत राहिली. "मग बोलला का नाहीत?"

भूपालनं फोन खिशात ठेवला. "बोललो असतो तर फणी ठेवावी लागली असती."

तिला हसू आलं आणि त्याच वेळी रागही आला. "आणि आता आतमध्ये? माझा खांदा उघडायला निघाल्या होत्या त्या."

"मला वाटलं, तू सांगशील. तू सांगितल्याशिवाय मी सांगणं बरं दिसलं नसतं."

"खांदा उघडल्यावर बरं दिसलं असतं?"

 दोघं परत आत गेली. त्रिशलानं झोळी काढून टेबलावर ठेवली आणि काही न बोलता उजवा हात वर केला. तो कानाला लागून सरळ उभा राहिला. डॉक्टरांनी तो पाहिला, मग पडदा पाहिला. पडद्यावर एकशे एकसष्ट आलं होतं.

"अस्तर ठीक आहे," त्रिशला म्हणाली. "मी खोटं बोलत होते."

"आणि मला ते माहीत होतं," भूपाल म्हणाला.

डॉक्टर मुजावरांनी चष्मा काढला. त्या चिडल्या होत्या आणि ते त्यांनी लपवलं नाही. "काकू, मी दोन शहरांत फोन करून चार शस्त्रक्रिया थांबवल्यात. बाहेर एक माणूस काल संध्याकाळपासून उपाशी होता. का केलंत हे?"

"वेणीसाठी," त्रिशला म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. पाट, स्टूल, कोइमतूर, भोपळी साडी, सगळं. सांगताना तिचा हात वरच राहिला होता, तो खाली घ्यायचं तिच्या लक्षातच आलं नाही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग फोन उचलून दोन्ही शहरांत कळवलं, की बिघाड नाही, काम सुरू करा. शेवटी त्या पडद्यावरचा नोंदीचा तक्ता भरायला लागल्या. आकड्यांत तफावत का आली, या प्रश्नाला तिथं तीनच उत्तरं दिलेली होती. मोजणीतला दोष, रुग्णाची शारीरिक अडचण, इतर. त्यांनी इतरवर बोट ठेवलं आणि पुढच्या चौकटीत एकच शब्द टाइप केला. वेणी.

"तुमचे आकडे घरी कुणी बघायचे आणि कुणी नाही, हे पेशंटला वेगळं विचारायला पाहिजे," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "सातव्या पानावर नाही. तोंडावर."

यल्लाप्पानं पाणी प्यायलेलं असल्यामुळं त्याची शस्त्रक्रिया त्या दिवशी होऊ शकली नाही. तिसऱ्या दिवशी झाली. त्रिशलानं त्याला बाकावर जाऊन स्वतः खरं सांगितलं. त्यानं ते शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "वेणीसाठी?" मग म्हणाला, "घरी सांगतो. पण बायको विश्वास ठेवायची नाही."

 परतीच्या वाटेवर गाडी अंकलीच्या पुलावर आली तेव्हा अक्कांनी नदीकडं बघत विचारलं, "आणि बटाट्याचं काय?"

"नियम घेतलाय, तो पाळणार," त्रिशला म्हणाली.

"पाळ. तेवढं तरी खरं होऊ दे."

घरी आल्यावर त्रिशलानं अक्कांना खाटेवर बसवलं, गरम पाण्याची पिशवी आणली आणि त्यांचा सुजलेला गुडघा शेकायला घेतला. "अक्का, तुमच्या गुडघ्याचं मात्र मला फार लागलंय," ती म्हणाली. अक्कांनी पाय लांब केला. दुसऱ्या दिवशी निघताना त्या बॅग घेऊन दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. भूपालसमोर पाटावर बसल्या. "तुला येतीय म्हणे. माझी घाल बघू." त्यांचे केस पांढरे आणि विरळ होते, वेणी बोटभरच झाली. भूपालनं ती फार जपून घातली. अक्कांनी मागं हात नेऊन चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, "शेंड्याला सैल आहे." पण ती वेणी सोडली नाही, तशीच घेऊन निपाणीला गेल्या.

त्यानंतर घर सुतासारखं सरळ चालू झालं आणि तेच अवघड होतं. त्रिशला सकाळी आरशासमोर वेणी घालायची. डबे वरच्या फळीवर परत गेले. भूपाल चहा घेऊन पेपर उघडायचा. दूध आलं का, आलं. अर्पिताचा फोन आला का, आला. कुणाचंच काही चुकत नव्हतं. समोरासमोर बसल्यावर दोघांचे चेहरे दिसत होते आणि एकतीस वर्षांची सवय परत आली होती. एकदा भूपालनं काही बोलायला म्हणून तोंड उघडलं, त्रिशलानं कपावरून वर पाहिलं, आणि तो म्हणाला, "काही नाही. ऊन फार आहे आज."

सातव्या दिवशी त्रिशला वेणी घालून बाहेर आली. तिनं पाट उचलला, भूपालच्या खुर्चीसमोर ठेवला आणि त्याच्याकडं पाठ करून बसली.

भूपालनं पेपर खाली घेतला. "झाली की तुझी वेणी."

"झाली."

"मग?"

"मग काही नाही. बोला."

"हातात काही नसताना कसं बोलायचं?"

"पेपर धरा हातात. वाचू नका फक्त."

 अंगणात मधुवंतीबाईंची मांजर येऊन गेली. त्रिशला अंगणाकडंच बघत बसली. मग मागून पेपराची घडी घातल्याचा आवाज आला.

"दाढ दुखतीय माझी," भूपाल म्हणाला. "पाडव्यापासून. डॉक्टरकडं जायची भीती वाटतीय. तुझं दुखणं चाललं होतं, त्यात माझं कुठं सांगू म्हणून गप्प बसलो. मग तुझं बरं झालं, तरी सांगायचं राहिलंच."

पाडव्याला पाच महिने होत आले होते. पाच महिने हा माणूस खरी दाढ लपवून तिचा आधी खरा आणि मग खोटा खांदा सांभाळत होता. त्रिशलाला वळून त्याच्याकडं बघावंसं फार वाटलं. पण ती वळली असती तर तो लगेच म्हणाला असता, की तसं काही विशेष नाही, थोडं गार पाणी लागतंय इतकंच.

"वरची का खालची?" तिनं अंगणाकडं बघतच विचारलं.

"खालची. डावीकडची." तो थांबला. "आणि तिच्या शेजारची पण."